पिवळ्या रेघेतले चार धागे

पिवळी रेघ जाड दिसत होती.

सोमवार होता. सकाळचे पावणेदहा वाजले होते. माग सुरू होऊन अर्धा तास झाला होता आणि मीटरभर कापड विणून पुढे आलं होतं. गडद हिरव्या पट्ट्याच्या मधोमध एक बारीक पिवळी रेघ यायला हवी होती. ती येत होती, पण बारीक नव्हती. मी लांब जाऊन बघितलं. जवळ येऊन बघितलं. जीन, म्हणजे आमची विणकर, साठी ओलांडलेली बाई, मागाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "काय गं, कापड पसंत नाही वाटतं?"

"छान आहे," मी म्हणाले.

त्या आठवड्यात मी बोललेलं हे एकमेव खोटं. पण ते पुरेसं होतं.

मी मूळची इचलकरंजीची. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. टेक्स्टाइलची डिग्री तिकडेच झाली आणि मग स्कॉलरशिप मिळाली म्हणून दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर स्कॉटलंडच्या दक्षिण भागात एमएस्सीला गेले. कोर्सचा भाग म्हणून आठ आठवडे एखाद्या मिलमध्ये काम करावं लागायचं. त्याला प्लेसमेंट म्हणत. मला मिळालेली मिल अगदी लहान होती. चार माग, सहा माणसं. मालक अॅलन स्वतः डिझाइनही बघायचा, फोनही घ्यायचा आणि छत गळलं तर शिडीवरही चढायचा. त्याला नुसतं 'अॅलन' म्हणायची सवय व्हायला मला पहिला महिना लागला. 'सर' म्हटलं की तो मागे वळून बघायचा, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

त्या मिलमध्ये टार्टन विणायचे. टार्टन म्हणजे आपण ज्याला चौकड्यांचं कापड म्हणतो ते. उभ्या धाग्यांत रंगांचे पट्टे ज्या क्रमाने असतात, त्याच क्रमाने आडव्या धाग्यांतही येतात आणि त्यातून चौकडे तयार होतात. बहुतेकांना माहीत असतं की टार्टन आडनावांचे असतात. पण काही टार्टन जागेचे असतात. त्यांना डिस्ट्रिक्ट टार्टन म्हणतात. त्या भागात राहणाऱ्या कुणालाही तो घालता येतो. आडनाव कोणी विचारत नाही. मला ही गोष्ट फार आवडली होती. म्हणजे नियमाप्रमाणे मीसुद्धा घालू शकले असते.

आमच्याकडे आलेली ऑर्डर अशाच एका डिस्ट्रिक्टच्या पाइप बँडची, म्हणजे बॅगपाइप आणि ढोल वाजवत चालणाऱ्या पथकाची होती. भागाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांना बारा नवे किल्ट हवे होते. किल्ट म्हणजे तिथले पुरुष घालतात तो चुण्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख. एका किल्टला आमच्या पन्ह्याचं साधारण चार मीटर कापड लागतं. बारांचे अठ्ठेचाळीस मीटर आणि वर तीन मीटर जास्तीचे. एवढंच सूत डाय हाउसने रंगवून दिलं होतं. रंग ठरलेले होते. हिरवा तिथल्या कुरणांचा, राखाडीकडे झुकणारा निळा नदीचा, काळा तिथल्या जळाऊ मातीचा, जांभळा डोंगरावरच्या हेदर नावाच्या झुडपाच्या फुलांचा आणि पिवळा काटेरी झुडपांवर येणाऱ्या फुलांचा. हे सगळं मला बँडची सेक्रेटरी इशबेल हिने सांगितलं होतं. ती निवृत्त पोस्टवुमन होती. तिने प्रत्येक रंगाची जागा खिडकीतून बोट करून दाखवली. पिवळ्यासाठी मात्र ती म्हणाली, "तो आत्ता दिसणार नाही. त्याचा सीझन गेला."

आता माझी चूक कशी झाली ते सांगते.

टार्टनची नक्षी कागदावर आकड्यांत लिहितात. निळा इतके धागे, काळा इतके, हिरवा इतके. पण पूर्ण नक्षी लिहीत नाहीत, अर्धीच लिहितात. कारण नक्षी एका टोकापर्यंत जाते आणि आल्या वाटेने परत फिरते, आरशात दिसावी तशी. ज्या पट्ट्यावर ती वळते त्याला पिव्हट म्हणतात. दोन टोकांना दोन पिव्हट. इथेच घोळ होतो. पिव्हटचा आकडा दोन प्रकारे लिहिता येतो. पूर्ण पट्ट्याचा लिहिला तर तो तसाच घ्यायचा. अर्ध्या पट्ट्याचा लिहिला तर वळताना दुप्पट करायचा.

इशबेलने दिलेला कागद जुना होता. तिच्या वडिलांच्या हातचा. एका टोकाला लिहिलं होतं, 'निळा १२, अर्धा'. म्हणजे निळा पूर्ण चोवीस. दुसऱ्या टोकाला फक्त 'पिवळा ४'. पुढे काही नाही. मी विचार केला, एका टोकाला अर्धा आहे म्हणजे दुसऱ्या टोकालाही अर्धाच असणार. लिहायचं राहिलं असेल. म्हणून पिवळा आठ.

शंका आली नाही असं नाही. आली होती. मी कागद घेऊन अॅलनच्या केबिनपर्यंत गेलेही होते. तो फोनवर होता. मला बघून त्याने दोन बोटं वर केली. दोन मिनिटं थांब. आमच्याकडे साहेब फोनवर असताना दारात उभं राहणं बरं दिसत नाही. शिवाय कॉलेजमध्ये मी इतक्या वेळा सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट विचारून बसले होते, की कुठली शंका विचारण्याजोगी आणि कुठली नाही, हे मला कळेनासं झालं होतं. मी परत फिरले आणि थ्रेड काउंटच्या शीटवर पिवळ्यापुढे आठ लिहिलं. त्या शीटवरून वॉर्प तयार झाला. वॉर्प म्हणजे मागावर चढवलेले सगळे उभे धागे. दोन हजार चारशे धागे. नक्षी पन्ह्यात बारा वेळा येत होती. म्हणजे पिवळी रेघ बारा ठिकाणी चुकली होती.

दहा वाजता चहाची सुट्टी झाली. सगळे किटलीभोवती जमले तेव्हा मी डिझाइन रूममध्ये गेले. तिथे उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला एक जुना किल्ट होता. इशबेलने रंग जुळवायला म्हणून दिलेला. कसरीने खाल्लेला. मी त्याचे रंग बघितले होते, धागे कधी मोजलेच नव्हते. आता काउंटिंग ग्लास ठेवली. काउंटिंग ग्लास म्हणजे कापडावर उभं करायचं छोटं भिंग. पिवळे धागे मोजले. चार. दुसऱ्या ठिकाणी मोजले. चार. तिसऱ्या ठिकाणी कापड विरलं होतं, तरी मोजता आले. चारच.

मी ग्लास खिशात घातली आणि बाहेर आले. जीनने माग पुन्हा सुरू केला होता.

पुढचे दोन तास मी काय केलं हे सांगायला मला आजही संकोच वाटतो. मी काहीच केलं नाही. बॉबिन मोजले. शेल्फ पुसलं. दोनदा अॅलनच्या दारापर्यंत गेले. एकदा तो आत नव्हता तेव्हा मला बरंच वाटलं. डोक्यात फक्त हिशेब चालू होता आणि तो कुठूनही सुटत नव्हता. त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी फिनिशिंग हाउसची व्हॅन येणार होती. मागावरून उतरलेलं कापड कडक असतं. ते धुऊन, दाबून मऊ करतात तेव्हा त्याचं खरं कापड होतं. ते काम फिनिशिंग हाउसचं. आमचं कापड ते त्याच दुपारी धुऊन किल्ट शिवणाऱ्यांकडे पाठवणार होते, कारण शुक्रवारी संध्याकाळी फिनिशिंग हाउस दोन आठवडे बंद होणार होतं. डाय हाउससुद्धा. तिकडच्या मिल असलेल्या गावांत उन्हाळ्यात सगळे कारखाने एकदम बंद होऊन सगळं गाव सुट्टीवर जातं, अशी जुनी पद्धत आहे. सुट्टीनंतर थोड्याच दिवसांत गावचे गेम्स, म्हणजे खेळांचा आणि बँडचा वार्षिक मेळावा होता आणि तिथे बँड नव्या किल्टमध्ये चालणार होता. शुक्रवारची व्हॅन चुकली तर किल्ट नाहीत. नवीन सूत मागवायचं तर रंगवणारे नाहीत. एवढा वॉर्प फुकट गेला तर त्या मिलचं काय होईल, हे मला नीट माहीत नव्हतं. पण चार मागांपैकी एकच चालू होता, हे दिसत होतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी मी केबिनमध्ये शिरले. अॅलन सँडविच खात होता.

"एक सांगायचं होतं."

"सांग."

"पिवळा आठ झालाय. चार हवा होता."

त्याने सँडविच कागदावर ठेवलं. "कुठे? एखाद्या ठिकाणी?"

"सगळीकडे."

"वॉर्पमध्ये?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. "दहा वाजता," मी म्हणाले.

त्याने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दोन तास माग चालू आहे."

"हो."

तो उठला आणि शेडमध्ये गेला. जीनला हाताने खूण केली. तिने माग थांबवला. माग बंद पडला की शेडमध्ये जी शांतता होते, ती मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या गल्लीत ती फक्त लाइट गेल्यावर व्हायची. अॅलनने माझ्याकडून ग्लास घेतली आणि वाकून मोजलं.

"आठ," तो म्हणाला. "निळ्याच्या टोकाला अर्धा लिहिलं होतं म्हणून?"

"हो."

"कुणाला विचारलंस?"

"नाही विचारलं. मी आले होते. तुम्ही फोनवर होतात."

"मी दोन मिनिटं म्हणालो होतो."

"हो."

"दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं, वैशाली. जा, असा त्याचा अर्थ नव्हता."

जीनने हात एप्रनला पुसले. "आठ तर आठ. बँड चालत असताना वाकून कोण मोजणार आहे?"

"इशबेल मोजेल," अॅलन म्हणाला.

जीनने क्षणभर विचार केला. "हो. ती मोजेल."

"आणि नाही मोजलं तरी आठ ते आठच. हिरव्यात एवढी जाड पिवळी रेघ म्हणजे दुसऱ्याच कुठल्या गावचा टार्टन होतो." त्याने फिनिशिंग हाउसला फोन लावायला मोबाइल काढला, मग परत खिशात ठेवला. "त्यांना काय सांगू? सुट्टी पुढे ढकला म्हणून?"

मला एक सुचलं होतं. खरं तर ते मला अकरा वाजताच सुचलं होतं. पण ते सांगायचं तर आधी चूक सांगायला लागणार होती.

"चार धागे काढून टाकले तर?" मी म्हणाले.

"ट्विल तुटेल," अॅलन लगेच म्हणाला.

ट्विल म्हणजे कापडावर दिसणारी तिरकी रेघ. जीन्सच्या कापडावर असते तशी. उभे धागे एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक, दोन, तीन, चार अशा क्रमाने वरखाली होतात, त्यामुळे ती रेघ सलग चढत जाते. मधलाच एखादा धागा काढला तर क्रम मोडतो आणि कापडात उभी चीर गेल्यासारखं दिसतं.

"एक काढला तर तुटेल," मी म्हणाले. "दोन काढले तरी तुटेल. पण सलग चार काढले तर एक-दोन-तीन-चार असा पूर्ण फेराच निघतो. पुढचा धागा परत एक नंबरचाच येतो."

अॅलनने हवेत बोटाने चार टिंबं काढली आणि पुढे आणखी चार. जीन म्हणाली, "बरोबर बोलतेय ती."

"फणीचं काय?" अॅलनने विचारलं. त्याने अर्थातच 'रीड' म्हटलं. रीड म्हणजे मागावरचा लोखंडी कंगवा. त्याच्या दातांमधल्या प्रत्येक फटीतून आमच्या कापडाचे चार धागे जायचे. कंगव्यामुळे धागे आपापल्या जागी राहतात. बारा ठिकाणचे चार धागे काढले की बारा फटी रिकाम्या राहणार. रिकाम्या फटीची विरळ रेघ कापडात दिसते.

"पहिल्या ठिकाणापासून पुढचे सगळे धागे बाहेर काढून पुन्हा ओवायचे," मी म्हणाले. "जवळजवळ सहाशे फटी. कापड सव्वा इंच अरुंद होईल."

"सव्वा इंच चालेल. पण हे ओवणार कोण? आमचा ओवणारा माणूस गेल्या वर्षी रिटायर झाला. आता बाहेरून मशीनवाला बोलवावा लागतो, तोही सुट्टीवर."

"मी ओवते."

"तू याआधी केलं आहेस?"

माझे वडील इचलकरंजीत वहिफणीचं काम करायचे. नवीन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, आला की त्याचा एकेक धागा वहीच्या, म्हणजे धागे वरखाली करणाऱ्या तारांच्या, डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओवून द्यायचा, हे ते काम. दिवसभर मान खाली. शाळेच्या सुट्टीत मी डबा घेऊन जायची आणि समोर बसून त्यांच्या हुकाला धागे द्यायची. पुढे पुढे हुकही हातात घ्यायला लागले. वडिलांना ते आवडायचं नाही. "ह्यात काय शिकायचं? पुस्तक घे," म्हणायचे. स्कॉटलंडला आल्यावर मी फॉर्ममध्ये त्यांच्या नोकरीपुढे नुसतं 'टेक्स्टाइल' लिहिलं होतं.

"वडिलांकडे केलंय," मी म्हणाले. "त्यांचं कामच ते होतं."

"किती वेळ लागेल?"

"ते असते तर तीन तास."

"ते नाहीत."

"मग उद्या दुपारपर्यंत."

अॅलनने पुन्हा हिशेब केला. आमचा जुना माग धागा तुटणं, बॉबिन बदलणं धरून तासाला दोनच मीटर द्यायचा. मंगळवारी दुपारी सुरू झाला तर शुक्रवारी व्हॅन येईपर्यंत कसेबसे तेवीस तास मिळत होते. "हुक ड्रॉवरमध्ये आहे," तो म्हणाला आणि केबिनमध्ये गेला. राहिलेलं सँडविच त्याने खाल्लं नाही. ते संध्याकाळपर्यंत टेबलावर तसंच होतं.

विणलेलं पाच मीटर कापड जीनने कापून बाजूला ठेवलं. मग आम्ही दोघींनी बारा ठिकाणचे चार-चार पिवळे धागे वेगळे केले. एकूण अठ्ठेचाळीस. ते कापून मागच्या बाजूला ओढून घेतले. धागा कापताना जीन प्रत्येक वेळी मला मोजायला लावायची. "मोठ्यांदा मोज," म्हणायची. मी मराठीत मोजायला लागले. तिला चालत होतं. तिसऱ्या ठिकाणापर्यंत तीसुद्धा "चार" म्हणायला शिकली.

मग मी मागापुढे स्टूल घेऊन बसले. फणीतून धागे काढले आणि ओवायला लागले. डाव्या हाताने चार धागे उचलायचे, उजव्या हाताने हुक फटीत घालायचा, धागे अडकवायचे, ओढायचे. पुढची फट. पहिल्या शंभर फटींना तास लागला. नंतर हाताला जुनी लय सापडली. पाच वाजता मान वळेना म्हणून जीनने मला उठवलं. "घरी जा, लॅसी," म्हणाली. लॅसी म्हणजे पोरी. "पेंगत ओवशील तर आणखी घोळ करशील."

मंगळवारी आठला पुन्हा बसले. सव्वाअकराला शेवटच्या फटीपर्यंत आले. तिथे चार धागे उरायला हवे होते.

तीनच उरले.

तीन उरले याचा अर्थ मागे कुठल्या तरी एका फटीत पाच धागे गेले होते. तिथपासून पुढचं सगळं एका धाग्याने सरकलं होतं. ती जागा शेवटच्या इंचात असू शकत होती किंवा पहिल्या.

"जीन," मी हाक मारली. "तीनच आहेत."

ती आली. चष्मा वर केला. ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "कुठून बघू?"

"तुम्ही डावीकडून बघा. मी उजवीकडून."

आम्ही दोन टोकांनी सुरुवात केली. एकेक फट बोटाने उघडून बघायची. अॅलन दोनदा दारात येऊन गेला. वीस मिनिटांनी मला ती सापडली. नवव्या आणि दहाव्या नक्षीच्या मध्ये, हिरव्यात. पाच हिरवे धागे एका फटीत चिकटून बसले होते. तिथून पुढच्या दीडशेएक फटी पुन्हा ओवायच्या होत्या.

या वेळी जीन समोर बसली आणि मला धागे देत गेली. ती मोजून चारच धागे पुढे करायची. मी हुक घालायची. पाऊण वाजता शेवटची फट आली. चार धागे. जीनने ते मोजले, मी मोजले, अॅलनने येऊन मोजले.

आडव्या धाग्यांची नक्षी एका साखळीवर ठरते. जीनने तिथे आठाचे चार केले. सव्वाला माग सुरू झाला. पहिलं वीतभर कापड येईपर्यंत कोणी जागचं हललं नाही. पिवळी रेघ बारीक होती. ट्विल सलग होती. अॅलनने सगळ्या पन्ह्यावरून तळहात फिरवला, जिथून धागे काढले होते तिथे थोडा थांबला आणि म्हणाला, "चालू ठेव."

बुधवारी इशबेल आली. रेनकोट घालून, बसने. अॅलनने तिला सगळं फोनवर सांगितलं असेल असं मला वाटत होतं. त्याने काहीच सांगितलं नव्हतं. तो मला म्हणाला, "तू सांग."

मी सांगितलं. कागद, अर्धा, आठ, चार. ती मागाकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे कागद चुकीचा आहे?"

"नाही. कागदावर एक शब्द कमी आहे. तो मी विचारायला हवा होता."

"आता बरोबर आहे ना?"

"हो. पण कापड कमी पडणार आहे. अकरा किल्टचंच होईल."

"का?"

"पाच मीटर चुकीचं विणलं गेलं. पुन्हा बांधताना अर्धा मीटर गेलं."

"आणि तुमच्या लगेच लक्षात आलं असतं तर?"

अॅलन खिडकीबाहेर बघत होता. "लगेच लक्षात आलं होतं," मी म्हणाले. "तेव्हा मीटरभरच विणलं होतं. तेवढं जास्तीच्या तीन मीटरमध्ये निघालं असतं. मी दोन तास सांगितलं नाही. ते चार मीटर माझे आहेत."

इशबेलने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "चार मीटर म्हणजे एक किल्ट."

"हो."

तिने बोटांवर बँडमधली नावं मोजली. मग म्हणाली, "ह्यू. ह्यूला जुना घालावा लागेल. तो मोठा ढोल वाजवतो. पुढून तर तो ढोलामागे दिसतच नाही."

"आणि मागून?" जीनने विचारलं.

"मागे फक्त अॅम्ब्युलन्स असते."

जीन हसली. अॅलनही हसला. इशबेल हसली नाही. "पण त्याला मी सांगणार नाही," ती मला म्हणाली. "हा टार्टन पुन्हा विणून घ्यायचा हे तीन वर्षं बँडच्या मागे लागून त्यानेच ठरवून घेतलं. तुम्ही सांगा." आणि तिने माझ्या डिझाइन शीटच्या कोपऱ्यात त्याचा फोन नंबर लिहिला.

तो फोन मी केबिनमधून केला. अॅलन उठून बाहेर गेला. ह्यूचा आवाज खूप हळू होता आणि त्याचे उच्चार मला निम्मेच कळत होते, म्हणून मला सगळं दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगून झालं. मग त्याने एकच विचारलं. पिवळा आता किती आहे?

"चार," मी म्हणाले.

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला. ठीक होतं की नाही, ते मला कळलं नाही.

गुरुवारी दोनदा धागे तुटले आणि एकदा बेल्ट घसरला. पाऊण तास गेला. जीनने तो जेवणाच्या सुट्टीतून भरून काढला. मागच्या बीमवरून ते काढलेले अठ्ठेचाळीस पिवळे धागे सुटून जमिनीवर पडत होते. ते दर तासाला कापून उचलायचं काम माझं. शुक्रवारी साडेअकराला शेवटचं मीटर उतरलं. अॅलनने कापड टेबलावर ओढून मोजलं. पंचेचाळीस मीटर आणि थोडं. अकरा किल्ट, वर एकाचा पाव भाग. व्हॅन बारा वाजता आली. ड्रायव्हर शॉर्ट्स घालून आला होता. त्याची सुट्टी जवळपास सुरूच झाली होती.

गेम्सला मी गेले. अकरा नवे किल्ट आणि शेवटच्या रांगेत एक फिकट. मोठ्या ढोलामुळे तो दिसत नाही, असं म्हणाले होते. मला मात्र पूर्ण वेळ तेवढाच दिसत होता. संपल्यावर मी ह्यूला भेटायला गेले. त्याने हात मिळवला, शेजारच्या पाइपरला बाजूने वळवलं आणि त्याच्या किल्टवरची पिवळी रेघ मला बोटाने दाखवली. मी ती कधी बघितलीच नसेल, अशा थाटात. दुसऱ्या वर्षी मिलने त्याच्यापुरतं कापड विणून दिलं, असं जीनने पत्रात कळवलं.

आता मी लीड्सजवळ एका कापड तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. इतरांच्या चुका शोधायचा पगार मिळतो. तरी कधी कधी तो प्लेसमेंट रिपोर्ट काढून बघते. टेक्निकल स्किल या चौकटीत अॅलनने चार ओळी लिहिल्या आहेत, सगळ्या चांगल्या. कम्युनिकेशनच्या चौकटीत एकच ओळ आहे. 'खरं सांगते. दोन तासांनी.'

प्लेसमेंटच्या मुलांना मी यातून एवढंच सांगते. चूक दिसली की आधी माग थांबवायचा. लाज नंतर वाटून घेता येते, तिची व्हॅन चुकत नाही.